जुन्या गाडीचे नवे शॉकप

प्रिय पोरी,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. बाबांचं ब्लडप्रेशर जागेवर आहे, माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय आणि मोरीतला नळ अजून गळतोच आहे. दर रविवारी फोनवर तू विचारतेस, "आई, नवीन काय?" आणि मी म्हणते, "काही नाही गं, नेहमीचंच." मागचे काही रविवार मी तुझ्याशी धडधडीत खोटं बोलले. नवीन होतं, आणि भरपूर होतं. पण फोनवर माझं कसं होतं ते तुला माहीत आहे. तुझे सासरे, म्हणजे बाबाच, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या वाक्यावाक्याला मान हलवणार, तुझ्या मागे कुकरची शिट्टी होणार, आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी "चल आई, ठेवते" म्हणायची वेळ होणार. म्हटलं, हे सावकाश लिहूनच कळवावं. नमनाला घडाभर तेल लागेल, पण तू वाचून काढ.

तर बातमी अशी, की गाडी चालायला लागली. आपली. लाल. इंजिनाला कधी काही झालंच नव्हतं, ते तुलाही ठाऊक आहे. खालचं सगळं नवं केलं. चारही शॉकप, स्प्रिंगा, आणि सांध्यासांध्यांतले ते रबराचे बुश. मिस्त्री त्याला सस्पेन्शन म्हणतो. मी जन्मभर लोकांचे गुडघे वाकवून आणि खांदे फिरवून घेतले, तेव्हा माझ्या लेखी ते सांधेच. त्यातला एक जुना बुश मिस्त्रीने माझ्या तळहातावर ठेवला तर त्याचा नुसता भुगा झाला. मी म्हटलं, अशी कूर्चा घेऊन माणूस माझ्याकडे आला असता तर मी त्याला उभंसुद्धा राहू दिलं नसतं, आणि ही बाई कशी पळत होती इतकी वर्षं!

तुला ही गाडी तुझ्या नवऱ्याची म्हणून माहीत, पण त्याआधी ती माझी सवत होती. बाबांनी ती घेतली तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. आधी ती एका डॉक्टरांची होती. हौसेने घेतली, आणि तिच्यात बसून बसून त्यांची पाठ धरली. ते माझ्याकडे शेक घ्यायला यायचे. मीच त्यांना सांगितलं, डॉक्टर, पाठ हवी असेल तर ती गाडी सोडा. आणि मीच घरी येऊन ह्यांना हसत हसत सांगितलं, की बघा, एवढा शिकलेला माणूस, पण जमिनीवर लोळत गेल्यासारखा गाडी चालवतो. दुसऱ्या दिवशी हे शाळा सुटल्यावर डॉक्टरांच्या दारात उभे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! गणिताचा मास्तर आणि दोन सीटांची, पोट रस्त्याला टेकवून चालणारी लाल गाडी. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, नाकापेक्षा मोती जड. शाळेतल्या पोरांनी फळ्यावर चित्र काढलं, गाडीचं टप काढलेलं आणि त्यातून वर आलेलं एक चकचकीत टक्कल. बाबांनी ते पुसलं नाही. त्याच्याखाली वेगाचं गणित घातलं.

मग पोर झालं. मागे सीट नव्हती, एक फळी होती, सामान टेकवण्यापुरती. आधी तो माझ्या मांडीवर बसायचा, मग त्या फळीवर. गुडघे कानाला लागेपर्यंत तो तिथे बसत राहिला. मी ओरडायचे, की पाठीचा कणा वाकडा होईल रे. तर म्हणायचा, "वाकडा झाला तर तू आहेस की!" शेवटी एका वर्षी तो एकदम ताडमाड वाढला आणि फळी संपली. तिघांनी मिळून गाडीतून जाणं संपलं, मग पाळ्या लागल्या. एकदा तो आणि बाबा, एकदा मी आणि बाबा. त्याला चालवता यायला लागली तेव्हा बाबा स्वतःहून डावीकडे सरकले, आणि एक दिवस चावी टेबलावर ठेवून म्हणाले, "आता तूच बघ हिच्याकडे." मला आठवतं, त्या दिवशी त्यांना काही सुचत नव्हतं. दुपारभर ते नुसत्या कडबोळ्या झालेल्या वायरी सोडवत बसले होते, कशाच्या होत्या कोण जाणे.

आणि मग तू आलीस. ती गोष्ट तू वेगळी सांगतेस आणि तो वेगळी सांगायचा, पण खरी मला माहीत आहे, कारण घरातून तावातावाने बाहेर पडताना त्याला मी पाहिलं होतं. आमच्या चौकात तुमच्या रस्त्यांच्या ऑफिसने नवा गतिरोधक घातला होता आणि त्यावर गाडीचं पोट दोनदा खरवडलं. साहेब तक्रार करायला निघाले. तासाभराने मी बाल्कनीतून बघते तर काय, हा रस्त्याच्या कडेला हात बांधून उभा, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी उन्हात उकिडवी बसून टेपने आधी गतिरोधक मोजतेय, मग गाडीचं पोट मोजतेय. मोजून झाल्यावर तू उठलीस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "गतिरोधक बरोबर आहे. तुमची गाडी चुकीची आहे." चौकातले सगळे हसले. तो घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, ती बरोबर बोलतेय गं. स्प्रिंगा बसल्यात गाडीच्या." आईला एवढं पुरतं. आपली चूक आहे असं तो आयुष्यात पहिल्यांदा, न भांडता म्हणत होता. तेव्हाच मी ओळखलं, की आता घोडं गंगेत न्हाणार. पुढे तू त्याला उंट म्हणायला लागलीस, तो पाय दुमडून गाडीत शिरायचा म्हणून. मी मनात म्हटलं, बरं झालं, माझ्या लांबड्याला शोभेल असं नाव मिळालं.

त्या स्प्रिंगा बदलायच्या, बदलायच्या असं म्हणत तुम्ही दोघं किती हिंडलात! सुट्टी आली की गायब. परत यायचात तेव्हा तोंडं धुळीने माखलेली, आणि उतरल्याबरोबर भांडण, की कुठला रस्ता कोणामुळे चुकला. तू येताजाता रस्त्यांना नावं ठेवायचीस आणि तो म्हणायचा, "हिच्याबरोबर फिरणं म्हणजे आचाऱ्याबरोबर पंगतीला बसणं." अखेर त्याने सगळं सामान एकदम मागवलं. खोकी आली त्या आठवड्यातच त्याच्या रक्ताचे रिपोर्ट आले. खोकी जिन्याखाली गेली ती गेलीच. त्या वर्षात कोणाला कशाची शुद्ध होती? आजारपण कसं असतं ते मी दुसऱ्यांच्या घरी किती पाहिलं होतं, पण घरात आल्यावर मला साधं थर्मामीटर सापडेना.

त्या सकाळचं लिहू का नको, असा विचार करत मी दोनदा पेन खाली ठेवलं. पण लिहायला हवं. त्याला ॲडमिट करायचं ठरलं, मी म्हटलं ॲम्ब्युलन्स बोलवू, आणि तो हटून बसला. जाईन तर आपल्या गाडीने. तू चालवलीस. आम्ही मागून टॅक्सीने. हॉस्पिटलच्या रस्त्याला तेव्हा खोदकाम झालेलं, नुसती चाळण. आणि गाडीचे शॉकप संपलेले, म्हणजे प्रत्येक खड्डा थेट हाडात. आम्हाला पुढे तुमची गाडी दिसत होती, होडीसारखी डुलत चाललेली. पोहोचल्यावर तू उतरलीस तेव्हा तुझ्या ओठातून रक्त येत होतं, इतका तू तो दाताखाली धरला होतास. नंतर, सगळं संपल्यावर, तू मला एकदाच म्हणालीस, "आई, मी त्याला हाल हाल करत नेलं. रस्ते बांधणारी बाई मी…" आणि पुढचं वाक्य गिळलंस. त्यानंतर तू कधी त्या गाडीकडे मान वळवून पाहिलं नाहीस. बदली मागून घेतलीस आणि जाताना म्हणालीस, "विका, ठेवा, काहीही करा. फक्त मला विचारू नका." आम्ही विचारलं नाही.

विकली मात्र नाही. बाबा रोज सकाळी चहा झाला की खाली जायचे. आच्छादन काढायचे, घडी करायचे, आत बसून इंजिन सुरू करायचे. थोडा वेळ तसेच बसायचे. मग बंद करायचे आणि आच्छादन पुन्हा घालायचे. गाडी तसूभरही हलायची नाही. मी वरून ऐकायचे. आधी मला वाटलं, बरंय, माणसाला काहीतरी लागतं. पण ऋतू आले, गेले, हा नेम सुटेना. गाडीवर कोणी हात ठेवला तर ह्यांच्या कपाळाला आठी. शेजारच्यांचा पाहुणा एकदा काचेतून आत डोकावला तर ह्यांनी दोन दिवस शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. आणि त्याच्याबद्दल, आपल्या लेकाबद्दल, एक अक्षर नाही. मी विषय काढला की उठून जाणार. एका घरात आम्ही दोघं अळीमिळी गुपचिळी करून राहत होतो.

मग एका सकाळी मीच त्यांच्याआधी खाली गेले आणि गाडीला टेकून उभी राहिले. म्हटलं, मिस्त्रीला बोलावलंय. खालचं सगळं बदलायचं. एकाएकी मला हे का सुचलं ते मागाहून सांगते, त्याला कारण आहे. बाबांचा चेहरा असा झाला, की जणू मी घर विकायला काढलंय. "काही हलवायचं नाही," म्हणाले. "त्याने आवळलेले नट आहेत ते. त्याच्या हातचे." इतक्या दिवसांत त्याचा उल्लेख केला तो असा. म्हटलं, आज गप्प बसले तर पुन्हा बोलायला मिळायचं नाही. मी म्हटलं, "आणि ती जिन्याखालची खोकी? तीही त्याच्याच हातची आहेत. ती त्याने कशाला मागवली होती?" ते तसेच वळले आणि वर गेले. थोड्या वेळाने मी मागोमाग गेले तर खोकी जिन्याखाली नव्हती. हॉलमध्ये मधोमध एकावर एक रचलेली होती आणि बाबा ओल्या फडक्याने त्यांच्यावरची धूळ पुसत होते.

मिस्त्री तुझ्या ओळखीचा, तोच, हळूहळू. अजूनही प्रत्येक गोष्टीला हळूहळू म्हणतो. होईल का? हळूहळू. किती दिवस? हळूहळू. तब्येत काय म्हणते? हळूहळू. त्याने आल्याबरोबर पुढचा मडगार्ड दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगली गाडी म्हणे एकदा वर येते आणि थांबते. आपली मात्र थांबेचना, मान डोलावत राहिली. "हिला आता कशालाच नाही म्हणता येत नाही," तो म्हणाला. मग चाकाच्या वर टेप लावून त्याने चारही कोपरे मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "गंमत आहे. दोन सीटांची गाडी असते, पण चालवणारा बहुतेक एकटाच असतो. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग आधी बसते. तुमच्या दोन्ही बाजू सारख्या बसल्यात. ही गाडी एकट्याने फार चालवलेलीच नाही." मी बाबांकडे पाहिलं. ते बोनेटवरचा नसलेला डाग पुसत होते. पोरी, हे वाक्य मी तुझ्यासाठी जपून आणलंय. तुझ्या मोजपट्टीवर तुझा विश्वास आहे ना, मग ह्याही मापावर ठेव.

काम सुरू झालं. मी रोज डबा घेऊन गॅरेजवर. मिस्त्रीला बघे आवडत नाहीत, पण मला घालवायची त्याची छाती झाली नाही, त्याच्या खांद्याचे व्यायाम मी घेते. जुन्या स्प्रिंगा निघाल्या, शॉकप निघाले, तेलाने काळेकुट्ट झालेले. नव्या स्प्रिंगा त्याने शिकंज्यात धरून दाबल्या तेव्हा मात्र त्याने मला भिंतीपलीकडे उभं केलं. म्हणाला, "ही सुटली तर तुमच्याकडेच यावं लागेल मला, आणि तुम्हीच नसाल." सगळं होत आलं आणि मागच्या बाजूचा एक बोल्ट अडला. गंजून लोखंड आणि लोखंड एक झालेलं. तेल सोडलं, ठोकलं, शेगडीसारखा जाळ धरला, दाद देईना. मिस्त्री म्हणाला, कापावा लागेल. तेव्हा बाबा उठले. इतके दिवस ते दाराशी स्टुलावर पाठ करून बसायचे, पेपर धरून. उठले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "द्या इकडे." पान्याला लांब पाइप लावला आणि अंग टाकलं. मी म्हणणार होते, अहो कंबर! पण म्हटलं नाही. ह्या वयात त्या माणसाच्या मानेच्या शिरा मी तशा कधी पाहिल्या नव्हत्या. आणि एकदम कट्‌ असा आवाज झाला. मला वाटलं तुटला. सुटला होता. बाबांनी तो हाताने फिरवत फिरवत बाहेर काढला, आपल्या लेकाने आवळलेला तो बोल्ट, आणि उजेडात धरला. मिस्त्रीने हळूच विचारलं, "मास्तर, ठेवायचा का?" बाबांनी तो थोडा वेळ बघितला. मग भंगाराच्या डब्यात टाकला. मी दुसरीकडे बघायला लागले.

आता जे झालं ते सांगितल्यावर तू हसशील. सगळे नवे बुश बसले, पण मिस्त्रीने नट सैलच ठेवले. म्हणाला, गाडी हवेत टांगलेली असताना हे आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर हवीत, माणसं सीटवर हवीत, गाडी रोज जशी उभी राहणार तशी उभी हवी. मग आवळायचं. तेव्हा गाडी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर आणून त्याने आम्हाला दोघांना आत बसवलं. "बसा म्हणजे बसा. उतरायचं नाही, हलायचं नाही." आणि स्वतः पाना घेऊन खाली खड्ड्यात उतरला. आता आम्ही दोन म्हातारी माणसं, गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून, बंद गाडीत शेजारी शेजारी. ह्यांना उठून जायची सोय नाही. पायांखालून पान्याची कुरकुर ऐकू येतेय. आणि मग बाबा स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "मला त्याचा आवाज आठवत नाही गं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हटलं, "सर्दी झालेली असायची त्याला बाराही महिने. तुम्हाला हाक मारायचा ती नाकातून." ते हसले, पोरी. हसता हसता मग जे व्हायचं ते झालं. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं असं नाही, पण आवाज काढून पहिल्यांदाच. मग आम्ही बोलत सुटलो. फळीवर बसायचा ते, परीक्षेत गणितातच नापास झाला आणि बाबांनी वर्गात त्याचाच पेपर सोडवून दाखवला ते, तुला घेऊन पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमच्या समोर तुला "मॅडम" म्हणाला ते. मी त्यांना तिथेच आणखी एक गोष्ट सांगितली, तीही आता येतेच आहे. मध्येच माझ्या लक्षात आलं, की खालची कुरकुर कधीच थांबली आहे. मी घाबरून हाक मारली, मिस्त्री, आहात ना? खड्ड्यातून आवाज आला, "झालंय हो माझं मघाशीच. बसा तुम्ही अजून. हळूहळू."

बाबांनी गाडी बाहेर काढली. मला वाटलं चौकाला वळसा घालून घरी. पण त्यांनी न विचारता हॉस्पिटलचा रस्ता धरला. रस्ता अजून तसाच आहे. तुमच्या ऑफिसला कळव, डांबराची नुसती ठिगळं आहेत. खड्डा आला की मी अंग चोरायचे, आणि काही व्हायचंच नाही. गाडी खाली जायची, वर यायची, थांबायची. गेटाशी बाबांनी गाडी उभी केली आणि म्हणाले, "त्या दिवशी फार हाल झाले असतील त्याचे." तेव्हा मी त्यांना जे सांगितलं तेच तुला सांगते. मी तुला हे तेव्हाच सांगणार होते, पण तू त्या दिवसाचं नावच काढू द्यायची नाहीस. त्याच संध्याकाळी वॉर्डात तो मला म्हणाला होता, "आई, ती सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये आली गं. मागे ही रांग, लोक हॉर्न मारतायत, शिव्या देतायत, आणि ही प्रत्येक खड्ड्याला सॉरी म्हणतेय. मला म्हणतेय का खड्ड्याला तेच कळत नव्हतं. दुखत होतं, पण हसायला येत होतं. इतकं सांभाळून मला कोणीच कुठे नेलं नव्हतं." हे त्याचे शब्द, माझे नाहीत. हाल केले असतील तर आजाराने केले. तू त्याला न्यायचं तसं नेलंस. एवढं एक ओझं तू आता खाली ठेव. आईचं ऐक.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी एवढा कागद काळा केला. तुझ्या ऑफिसात तो मोजणीवाला आहे. आधी तू त्याच्या तक्रारी करायचीस. उन्हात दुर्बीण विसरतो, शीळ बेसूर घालतो, तुझा डबा न विचारता उघडतो. दर रविवारी एकदा तरी त्याचा विषय. मग तुला ताप आला तेव्हा डॉक्टरांना तोच घेऊन आला असं म्हणालीस. आणि त्यानंतर तो तुझ्या बोलण्यातून एकदम नाहीसा झाला. बदली झाली म्हणावं तर तसंही नाही. पोरी, बाई एखाद्याबद्दल बोलायची थांबते तेव्हा काय समजायचं ते मला शिकवायला नको. पण मी गप्प राहिले. मग एका रविवारी फोनवर तू खळखळून हसलीस, मागे कोणीतरी काही बोललं म्हणून, आणि हसता हसता अर्ध्यातच थांबलीस. आमच्यासाठी थांबलीस. ते थांबणं मला फार लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं, कारण मला आधी आमचंच घर हलवायचं होतं. गॅरेजमध्ये, गाडीत बसल्या बसल्या, मी बाबांना हेच सांगितलं. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग विचारलं, "तिने आपल्याला का सांगितलं नाही?" मी म्हटलं, आपल्याला वाईट वाटेल म्हणून. "मग, वाटतंय?" मी म्हटलं, "वाटतं. रोजच वाटतं. पण ते तिच्या हसण्याने नाही वाटत." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मोजणीवाला म्हणतेस ना? मग हिशोबाचा असेल. मला आवडेल." तर आम्ही पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतो आहोत, गाडीने, बाबा चालवणार. गाडी तुझ्या गळ्यात मारायला आणत नाही, ती त्यांनाच हवी आहे. त्याला भेटायला येतो आहोत. तुमचं काही ठरलं असेल तर आम्हाला चोरून करू नका. तुझे आईवडील असते तर ते ज्या खुर्च्यांवर बसले असते, त्यांवर आम्ही बसू. ठरलं नसेल, तर चहा पिऊन परत येऊ, आणि मी विषयही काढणार नाही, काढला तर बाबा मला पायाने खुणावतील. त्यांनी मात्र आत्तापासून एक काळजी लावून घेतली आहे, की भेटल्यावर तो त्यांना काय हाक मारेल. वरवर म्हणतात, काका म्हटलं तरी चालेल. चालणार नाही, मला माहीत आहे. तू त्याला आधीच सांगून ठेव, बाबा म्हण. पुरुषाच्या आवाजातली ती हाक ह्या माणसाने फार दिवसांत ऐकलेली नाही.

तुझी, आणि आता त्याचीही झाली तर चालेल अशी,
आई